दोन तासांत सगळे दुरुस्त होते : 'असेंबल विथ केअर' या खेळाविषयी एक तक्रार

सातवा स्क्रू (टिळकवाडी, बेळगाव)

'असेंबल विथ केअर' हा छोटेखानी व्हिडिओ गेम मी मागच्या रविवारी भाचीच्या लॅपटॉपवर एका बैठकीत संपवला. तेव्हापासून एक तक्रार मनात घर करून बसली आहे, ती मांडतो. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती : 'मॉन्युमेंट व्हॅली' (२०१४) करणाऱ्या लंडनच्या 'अस टू गेम्स'चा हा खेळ २०१९ साली 'ॲपल आर्केड' या ॲपलच्या वर्गणीच्या खेळसेवेवर आला आणि पुढच्या वर्षी संगणकावरही आला. मारिया नावाची एक फिरस्ती दुरुस्तीकार बेलारिवा नावाच्या गावात येते, लोक तिच्याकडे कॅमेरा, कॅसेट प्लेअर, घड्याळ, प्रोजेक्टर अशा वस्तू आणतात आणि आपण मेजावर त्या उघडून, बिघडलेला भाग बदलून, पुन्हा जोडून देतो. वेळेचे बंधन नाही, हरणे नाही. चित्रे देखणी आहेत आणि कान तृप्त व्हावेत असे आवाज आहेत. कोडी सोपी आहेत.

माझे म्हणणे असे की, हा खेळ दुरुस्तीचे कौतुक करताना त्यातला दुरुस्तीचा भागच वगळतो. काय बिघडले आहे हे तेथे शोधावे लागत नाही आणि नवा सुटा भाग मेजावर आधीच मांडून ठेवलेला असतो. मग उरते ती फक्त जुळवाजुळव, जी प्रत्यक्षात या धंद्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे.

वडिलांचे एचएमटी 'जनता' घड्याळ मी दोन वर्षांपूर्वी खडेबाजारातल्या एका बोळातील घड्याळजींकडे नेले होते. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि कशालाही हात न लावता बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "हे पडलं होतं नव्हं? बॅलन्सचा दांडा मोडलाय." (बॅलन्स म्हणजे घड्याळाची चाल राखणारे डोलते चाक.) घड्याळ पडले होते हे खरे होते, पण ते मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात साठ-सत्तर बंद पडलेली घड्याळे होती, काहींना काच नव्हती, काहींना काटे नव्हते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे आता त्या घड्याळाचा सुटा भाग म्हणजे त्याच जातीचे दुसरे मेलेले घड्याळ. योग्य दांडा सापडायला तीन आठवडे लागले आणि बसवायला, त्यांच्याच शब्दांत, "चहा निवायच्या आत" झाले.

हे तीन आठवडे खेळात कुठे आहेत? ते नसल्यामुळे मुलांचा असा समज होतो की, मन लावून हात चालवला की वस्तू बरी होते. दुरुस्ती हे प्रेमाचे काम आहे असे म्हणणे ऐकायला गोड वाटते, पण ते मुख्यतः शोधाचे आणि नाइलाजाचे काम आहे.

पाऊसवेळ (खानापूर)

आपले घड्याळजींचे वर्णन आवडले, तक्रार मात्र मुळीच पटली नाही. भातुकलीत भात शिजत नाही म्हणून भातुकली खोटी आहे असे कोणी म्हणत नाही. चूल, पातेले, वाढणे, 'बसा, जेवा' असा आग्रह करणे, एवढे तिच्यातून कळले तरी पुष्कळ झाले. या खेळाचा विषय यंत्र नसून यंत्रामागची माणसे आहेत, हे आपण एका वाक्यातही नमूद केले नाही याचे आश्चर्य वाटले. इझी आणि कार्मेन या दोन बहिणी आहेत, गावचे महापौर आणि त्यांची मुलगी हेलेना आहेत. त्यांची आपसांत बिनसलेली नाती आणि त्यांच्या बिघडलेल्या वस्तू मारियाच्या मेजावर एकाच वेळी येतात. कथा साधी आहे, काही ठिकाणी भाबडीही आहे, पण वस्तू कोणाची आहे हे कळल्यावर ती उघडताना हात जपून चालतो, हे मी स्वतः अनुभवले.

घरचे एक उदाहरण देते. माझी मुलगी आठवीत आहे. खेळातले निवेदन आणि संवाद इंग्रजीत असल्यामुळे ती माझ्या सासूबाईंना शेजारी बसवून एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि सासूबाई मध्येच "बहिणी-बहिणींचं असंच असतंय" म्हणून स्वतःची कथा जोडत होत्या. खेळ संपल्यानंतर दोन दिवसांनी मुलीने आमचा टेबल फॅन उतरवला. त्याच्या जाळीत धूळ आणि बारीक किडे अडकले होते आणि तो गेली तीन वर्षे तसाच फिरत होता. आमच्या घरात आजवर कोणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला नव्हता. वस्तू बिघडली की 'बाबा आले की बघतील' आणि बाबा आले की 'रविवारी बघू' हा आमचा शिरस्ता. तिने जाळीच्या कड्या काढल्या, काढलेला प्रत्येक भाग जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडला. अगदी खेळातल्या मेजासारखा.

आता प्रामाणिकपणे पुढचेही सांगते, कारण ते आपल्या बाजूचे आहे. पात्यांच्या पुढची प्लास्टिकची टोपी काही केल्या निघेना. तिने जोर लावला आणि टोपीला चीर गेली. तरीही मी म्हणेन की धूळ निघाली, भीती गेली आणि या दोन्ही गोष्टी त्या दोन तासांच्या 'खोट्या' खेळाने केल्या.

उलटा आटा (उद्यमबाग)

पाऊसवेळताई, टोपी का निघाली नाही ते सांगतो, माझे नावच ते आहे. टेबल फॅनच्या पात्याच्या टोपीला उलटे आटे, म्हणजे उलट्या दिशेने फिरणाऱ्या स्क्रूच्या चऱ्या, असतात. एरवी आपण जसे सोडवतो तसे फिरवले की ती अधिकच आवळली जाते. पाते फिरत असताना टोपी सैल पडू नये म्हणून ही योजना असते. सायकलच्या डाव्या पेडललाही याच कारणाने उलटे आटे असतात. मुलीला रागावू नका, आयटीआय करून आलेली पोरेसुद्धा पहिल्यांदा ही चूक करतात. पण आवळत आलेला आटा मनगटाला कळतो, 'आता थांब' असे तो सांगतो. ते पडद्यावर बोट फिरवून कळायचे नाही. एवढ्यापुरता मी धागाकर्त्याच्या, म्हणजे सातवा स्क्रू यांच्या, बाजूचा आहे.

त्यांच्याशी माझे भांडण वेगळेच आहे. त्यांनी शोधाचे मोल ओळखले, पण त्या शोधाचे घड्याळजींना किती पैसे मिळाले हे लिहिले नाही. मी दिवसा एका मशीन शॉपमध्ये लेथवर असतो आणि संध्याकाळी घरच्या पडवीत मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करतो. दिवाळीच्या आधी मिक्सरांची रांग लागते. त्यातले काही मिक्सर बिघडलेलेच नसतात. भांड्यात माल जास्त पडला की मोटर जळू नये म्हणून आतला संरक्षक स्विच सुटतो आणि मिक्सर मुका होतो. बुडाशी एक लहान लाल बटण असते, ते दाबले की सुरू. हे मला दहा सेकंदांत कळते, कारण वीस वर्षे मी हेच करतो आहे. पण बटण दाबून मिक्सर परत दिला तर गिऱ्हाईक म्हणते, "एवढंच होतं होय?" आणि पिशवी उचलते. म्हणून माझ्या ओळखीतले काही कारागीर मिक्सर ठेवून घेतात, दुसऱ्या दिवशी या म्हणतात आणि शंभर रुपये घेतात. त्यांना लबाड म्हणावे की काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

खेळात पैशांचा हिशेब ठेवावा लागत नाही. गिऱ्हाईक हुज्जत घालत नाही आणि 'यापेक्षा नवा घेतलेला परवडेल' हे वाक्य, जे मला दिवसातून एकदा तरी ऐकावे लागते, ते कारागिराच्या कमाईवर येत नाही. शिवाय खेळातली वस्तू मोडते ती नशिबाने किंवा हलगर्जीपणाने. प्रत्यक्षात काही भाग मोडण्यासाठीच केलेले असतात. मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडे जोडणारी दातेरी चकती, घ्या. भांडे अडकले की त्याचे दात झिजतात आणि महागडी मोटर वाचते. असा कपलर बदलताना मला कधीच वाईट वाटत नाही, त्याने आपले काम केलेले असते. हा विचार एखाद्या खेळात आला तर तो मी पैसे देऊन खेळेन.

कोरा कागद (शहापूर)

एवढ्या चर्चेत कोणी साधी गोष्ट बोलले नाही. जेमतेम दोन तासांत संपणारा, एकदा सुटल्यावर पुन्हा खेळण्यात गंमत नसलेला खेळ पूर्ण किमतीला विकत घ्यावा का? माझ्या मते सवलतीत मिळाला तर घ्यावा, नाहीतर दुसऱ्याचा बघावा. बाकी तत्त्वज्ञान चालू द्या.

वखारीमागचा (निपाणी)

कोरा कागद यांच्याशी असहमत. लांबी हा दोष नाही. ज्याला दोन तासच बोलायचे आहे त्याने दहा तास बोलू नये, हे निदान आम्हा मास्तर मंडळींना तरी कळायला हवे.

मला खटकते ते वेगळेच, आणि त्याचा खेळ बनवणाऱ्यांशी थेट संबंध नाही. वस्तू उघडण्यातला आनंद सांगणारा हा खेळ प्रथम कोणत्या दुकानात मांडला गेला ते पाहा. ॲपलच्या दुकानात, म्हणजे ज्या कंपनीने आयफोनच्या बुडाला पाच पाकळ्यांचे स्क्रू लावले, जे सोडवायचा पाना सामान्य माणसाच्या घरी नसतो, तिच्याच दारात. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीने ग्राहकांना सुटे भाग आणि माहितीपुस्तिका देण्याची योजना जाहीर केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण २०१९ साली त्या फोनवर बोट फिरवून कॅसेट प्लेअरचे स्क्रू काढणाऱ्या माणसाला हातातला फोन मात्र उघडता येत नव्हता. खेळातल्या साऱ्या वस्तू जुन्या काळच्या का आहेत, याचे उत्तर मला येथे दिसते. कॅमेरा, घड्याळ, प्रोजेक्टर या वस्तू उघडतात. त्यांच्या पोटात काय आहे ते डोळ्यांना दिसते. डिंकाने चिकटवलेल्या बॅटरीवर असे कोडे रचता येणार नाही.

आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. सातवा स्क्रू म्हणतात तो 'नाइलाज' बऱ्याचदा कारखान्यातच घडवलेला असतो. त्याचा राग दोन तासांच्या निरागस खेळावर का काढावा?

सातवा स्क्रू (टिळकवाडी, बेळगाव)

उद्यमबागकरांच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण तो टोचला. घड्याळजींनी दोनशे ऐंशी रुपये मागितले होते आणि मी अडीचशे दिले. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते. तीन आठवड्यांच्या शोधाचे गुणगान गाणाऱ्या माणसाने तीस रुपयांची घासाघीस केली, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

वखारीमागचे यांचा जुन्या वस्तूंचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या ध्यानात आला नव्हता. भातुकलीचा दाखला मात्र अजूनही पटत नाही. भातुकली खेळणारी मुलगी रोज स्वयंपाकघरात खरा भात शिजताना पाहत असते, त्यामुळे खेळातले खोटे तिला आपोआप कळते. आजच्या मुलांनी घड्याळजींचे दुकान आतून पाहिलेलेच नाही. ज्याला मूळ माहीत नाही, त्याला नक्कल हीच मूळ वाटणार. खेळ वाईट आहे असे मी म्हणत नाही. भाचीला तो पुन्हा खेळू देईन, पण त्याआधी तिला एकदा त्या बोळात नेईन, हा माझा क्रम आहे.

एक राहिले. पाऊसवेळताई, त्या फॅनच्या टोपीचे पुढे काय झाले?

पाऊसवेळ (खानापूर)

क्रमाविषयी आपले एकमत होणार नाही. आमच्याकडे आधी खेळ आला, म्हणून मुलगी दुकानात गेली. उलट क्रमाने ती गेलीच नसती.

टोपी हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळाली नाही. स्टँडजवळ एक काका पंखे दुरुस्त करतात, त्यांच्याकडे तिला घेऊन गेले. त्यांनी तिला चीर गेलेली टोपी हातात धरायला सांगितली आणि विचारले, "कुठल्या बाजूनं फिरवलीस?" तिने दाखवले. त्यांनी तिचा हात धरून उलट्या बाजूने एकदा फिरवून घेतला, बाकी काही बोलले नाहीत. मग कोपऱ्यातल्या ढिगातून जळालेल्या मोटरचा एक पंखा ओढून त्याची टोपी काढून दिली. आमचा फॅन निळा आहे आणि टोपी पिवळट पांढरी. काका पैसे घ्यायला तयार नव्हते, पण तोवर मी उद्यमबागकरांचा लाल बटणाचा किस्सा वाचलेला होता. पन्नास रुपये मेजावर ठेवले आणि ते काही म्हणायच्या आत निघालो.