मदत हवी आहे: इंजिन तापलं की ठिणगी गायब, गार झालं की गाडी सुरू

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे. डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) आहे, पण पॉइंट-कंडेन्सर नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर एकदम बंद पडली. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. सोबत आई, मागून ट्रक; फार घाबरलो. 20 मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं आणि पहिल्याच सेल्फला सुरू!

घरी इंजिन तापवून बंद पडू दिलं. एक जादा प्लग वायरला लावून इंजिनच्या धातूला टेकवला: ठिणगी नाही. गार झाल्यावर निळी, टक्‌टक् आवाज करणारी. मॅकेनिकने इग्निशन कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलली, फरक शून्य. आता म्हणतो, अख्खा डिस्ट्रिब्युटर बदला.

पॉइंटचं मला कळतं: पॉइंट उघडले की कॉईलच्या प्रायमरीचा (पहिल्या वेढ्यांचा) करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत (दुसऱ्या वेढ्यांत) हजारो व्होल्ट तयार होतात. इथे पॉइंटच नाहीत, मग करंट तोडतं कोण? आणि तापल्यावरच का अडतं?

प्रतिसाद: तोडतो इग्निशन मॉड्युलमधला (पॉइंटचं काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतला) ट्रान्झिस्टर. बऱ्याच जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर दातेरी चाक असतं. दाता पिकअप कॉईलसमोरून गेला की बारीकसा सिग्नल निघतो, त्यावर मॉड्युल प्रायमरी तोडतं. चार सिलिंडर, 3000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 100 वेळा! एवढ्या कामात ट्रान्झिस्टर तापतोच. ती उष्णता धातूत उतरावी म्हणून मॉड्युलखाली पांढरी पेस्ट लावतात; उष्णता नीट उतरली नाही तर तापलेलं मॉड्युल काम थांबवू शकतं.

डिस्ट्रिब्युटर घ्यायची घाई नको. बंद पडल्या पडल्या इग्निशन ऑन करून कॉईलच्या प्लसला 12 व्होल्ट येतात का बघा. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉईलच्या मायनसला लावून सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लुकलुकला तर मॉड्युल ठीक. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आतला फिरणारा रोटर आणि प्लगच्या वायर तपासा. नाही लुकलुकला तर पिकअपचे ओहम गार आणि गरम असताना मोजा. गरम असताना सर्किट ओपन (म्हणजे तुटलेलं) दाखवलं तर पिकअप गेला, नाहीतर संशय मॉड्युलवर. आणि प्लगची वायर कधीच हवेत मोकळी सोडून सेल्फ मारू नका, मॉड्युल जळू शकतं.

धागाकर्ता: मनापासून आभार! आज सगळं केलं. प्लसला 12 व्होल्ट आहेत, लॅम्प लुकलुकला नाही, पिकअपचे ओहम गरम झाल्यावर किंचित वाढले, बस. मॉड्युल काढलं तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखाने खरवडली गेली. आधी नवी पेस्ट लावून बघू, की मॉड्युलच बदलू? शनिवारी आईला परत न्यायचंय.