मधपेटीतील लहान भुंगेरे आटोक्यात येत नाहीत, मदत हवी आहे

माझ्या चारपैकी दोन मधपेट्यांमध्ये काही आठवड्यांपासून पाच ते सात मिलिमीटर लांबीचे, गडद तपकिरी ते काळे भुंगेरे दिसत आहेत. आतील झाकण उचलताच ते उजेडापासून पळून चौकटींच्या फटींत शिरतात.

चौकटींच्या मध्ये बसणारे, खाद्यतेल भरलेले सापळे मी पिलावा कोठीच्या (पेटीच्या ज्या भागात माशांची अंडी-पिल्ले वाढतात त्याच्या) दोन्ही कडांना लावले आहेत. त्यांत भुंगेरे पडतात, पण झाकणाखालची संख्या काही घटत नाही. शिवाय पेटी जराशी कललेली असल्याने एकदा तेल सांडून काही माशा हकनाक मेल्या (ती चूक माझीच). तेलात सफरचंदाचा व्हिनेगर मिसळल्यास भुंगेरे अधिक ओढले जातात, असे वाचले आहे. हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले आहे का?

या भुंगेऱ्यांच्या पूर्ण वाढलेल्या अळ्या पेटी सोडून भोवतालच्या मातीत शिरतात आणि तेथेच कोष करतात, म्हणून केवळ सापळ्यांवर विसंबणे मला अपुरे वाटते. पेट्या भुसभुशीत मातीवरून फरशीवर हलवल्यास कितपत फरक पडतो?

दुसऱ्या पेटीतील वसाहत अशक्त असून तिच्या रिकाम्या पोळ्यांत मेणपतंगाच्या (पोळी पोखरणाऱ्या पतंगाच्या) अळ्यांची जाळीही आढळली. माशांना राखता येणार नाहीत इतक्या चौकटी काढून गोठवण्याचा माझा विचार आहे; मात्र त्याआधी ती वसाहत सशक्त वसाहतीत विलीन करणे योग्य ठरेल, की त्यामुळे भुंगेरेही तिकडे जातील? पेटीत कीटकनाशक वापरण्याची माझी तयारी नाही.