विमान हवेत असताना चाकांचा हायड्रॉलिक पंप मधूनच वाजतो त्याबद्दल

"तीन हिरवे दिवे लागले म्हणजे गिअर (विमानाची आत-बाहेर होणारी चाकं) ठणठणीत, वर्षातून एकदा ग्रीस मारलं की झालं" असं काही जण म्हणतात, ग्रीस लागतं हे बरोबर आहे पण दिव्यांचं अजिबात पटलं नाही. दिवा फक्त एवढंच सांगतो की चाक खाली येऊन लॉक झालं आणि तिथला मायक्रोस्विच (छोटं बटण) दाबला गेला, ऑइल कुठे जातंय ते दिव्याला काय कळणार. पायपर ॲरो या छोट्या विमानात चाकं वर धरून ठेवायला वेगळं लॉक नसतं, नुसत्या हायड्रॉलिक प्रेशरवर ती वर राहतात. त्यामुळे प्रेशर उतरलं की पंप आपोआप चालू होतो, आणि उडताना तो परत परत वाजायला लागला तर बहुतेक कुठेतरी गळती आहे.

इथे पुण्यात एका ॲरोवर काम करताना हेच झालं, बाहेर ऑइलचा थेंब नाही म्हणून आम्ही दोन दिवस पाइपच तपासत बसलो आणि शेवटी ॲक्च्युएटरच्या (चाक वर-खाली करणारा हायड्रॉलिक सिलिंडर) आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, फुगून खराब झालेली निघाली. आधी कुणीतरी नाना पेठेतून आणलेलं गाडीचं ब्रेक ऑइल टॉप-अप केलं होतं!! यात ५६०६ नावाचं लाल मिनरल हायड्रॉलिक ऑइलच लागतं, गाडीच्या ब्रेक ऑइलने आतली रबरं जातात, प्लीज हे कुणी करू नका. आणि विमान जॅकवर उचलून गिअर स्विंग (चाकं वर-खाली करून बघणं) कराल तेव्हा पंप बंद ठेवून इमर्जन्सी लिव्हरनेही चाकं खाली पडून लॉक होतात का ते बघाच, बरेच जण तेवढंच सोडतात.