जुन्या जीपला नवं, कमी धुराचं इंजिन बसवणं गुन्हा का असावा?

सातपुडा_जीप (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

शहाद्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची १९८६ची महिंद्रा एमएम ५४० जीप नोंदणी नूतनीकरणाला नेली होती. मूळ प्यूजो डिझेल इंजिन पार थकलं, म्हणून त्यांनी मधल्या काळात बोलेरोचं डीआय (सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं) इंजिन बसवून घेतलं होतं. चेसिस नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला नाही, गाडी परत. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत. जुनं, धूर ओकणारं इंजिन पुन्हा चढवायचं, नाहीतर जीप भंगारात घालायची. जास्त धूर सोडणारी जीप कायदेशीर आणि कमी धूर सोडणारी बेकायदेशीर, हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

जुन्या गाड्यांना सवलत नाही असंही नाही. पीयूसीत ती भरपूर आहे. भारत स्टेजच्या (बीएस, म्हणजे प्रदूषणाच्या सरकारी मापांचे टप्पे) आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला ०.५ टक्के, बीएस-४ला ०.३ टक्के. डिझेलला बीएस-४च्या आधीचं सगळं एकाच मापात: ६५ हार्ट्रिजपर्यंत (काळ्या धुराचं एकक) धूर चालतो. म्हणजे १९८६ची जीप आणि २०१४ची बीएस-३ जीप, दोघींना एकच मर्यादा. जुन्या गाडीने जुन्याच मापाने धूर सोडावा, ही सवलत आपण देतो. तिच्या मालकाने स्वखर्चाने चांगलं इंजिन बसवलं की मात्र दंड.

२०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली असेल, तर 'व्हीए' मालिकेचा नंबर आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण तिला रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायची मुभा. हौशी माणसाची सोय झाली. शेतात, डोंगरात रोज राबणारी तीस-चाळीस वर्षांची जीप या कायद्यात कुठेच बसत नाही.

माझी मागणी सरळ आहे. इंजिन बदलाला परवानगी द्या, पण नवं इंजिन जुन्याइतकं किंवा त्याहून स्वच्छ असलंच पाहिजे, आणि पीयूसीचं माप त्या इंजिनाच्या सालाचं लावा. तुमचं मत सांगा.

धुळ्याचा_वकील

भाऊ, तुमची तळमळ समजते, पण कायदा काय म्हणतो ते आधी नीट मांडू या. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२: निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या प्रकरणात हेच कलम लावलं आणि केरळ उच्च न्यायालयाने दिलेली ढील काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे लक्षात घ्या. इंजिन वेगळं, बंपर वेगळा, रुंद टायर वेगळे, अशी बेरीज होते.

कलम ५२मध्ये एक दार उघडं आहे: इंधन बदलण्याचं. मान्यताप्राप्त किटने सीएनजी, एलपीजी, बॅटरीवर गाडी नेता येते, नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. डिझेलच्या जागी दुसरं डिझेल इंजिन या दारातून जात नाही.

आणि मला हे योग्यच वाटतं. एमएम ५४०ला चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्यात टर्बो डीआय इंजिन टाकलं की ओढ वाढते, वेग वाढतो, ब्रेक तेच राहतात. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, चेसिसचे जॉइंट यांचा हिशोब कोणी केला? कन्नड घाटातून ती खाली येत असेल तर समोरून येणाऱ्याने कोणाच्या भरवशावर गाडी चालवायची? अपघातानंतर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते, आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारी कुटुंबं मी पाहतो.

तापीकाठची_शिक्षिका

वकीलसाहेब ब्रेकचं बोलले, मी श्वासाचं बोलते. आमची शाळा महामार्गाला लागून आहे. माझ्या वर्गात इनहेलर दप्तरात घेऊन येणारी मुलं आहेत. सकाळी शाळा भरायच्या वेळी मजुरांनी भरलेल्या जुन्या जीप, मार्शल, कमांडर वाडीकडे निघतात, मागे काळा लोट. धागाकर्ते दादा म्हणतात, चांगलं इंजिन बसवणाऱ्याला शिक्षा होते. मला सांगा, शंभरात किती जण कमी धुरासाठी इंजिन बदलतात? ओढ वाढावी, जास्त माणसं बसावीत, म्हणून बदलतात. ओढीसाठी दिलेली सवलत स्वच्छ हवेच्या नावावर मागू नका.

उलट मी म्हणते, ६५ची मर्यादाच जुनाट आहे, ती खाली आणा. जुनी गाडी हौसेची असो वा गरजेची, धूर मुलांच्या छातीत सारखाच जातो.

पारोळा_गॅरेज

ताईंचं म्हणणं मनाला लागलं. मी डिझेलचंच काम करतो, म्हणून सांगतो धूर कुठून येतो.

जुन्या जीपचा काळा धूर बहुतेक वेळा पंप आणि नोझलमधून येतो. नोझल झिजलं की डिझेल फवाऱ्यासारखं न उडता थेंबाने पडतं, अर्धवट जळतं, त्याची काजळी होते. वरून घाटात ओढ मिळावी म्हणून ड्रायव्हर पंपाचा स्क्रू वाढवून घेतात. जास्त डिझेल जातं, हवा तेवढीच, मग काळा धूर. एअर फिल्टर महिनोन्महिने साफ केलेला नसतो. हे सगळं दुरुस्त करून, पंप कॅलिब्रेट करून दिला की तीच जुनी जीप ६५च्या बरीच खाली येते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे बोअर-पिस्टनचं काम निघतं, ते महाग. बरेच लोक त्याच वेळी इंजिन बदलतात, कारण जुन्या प्यूजोचे पार्ट धड मिळत नाहीत आणि बोलेरोचे कुठल्याही तालुक्याला मिळतात. ताई, ओढीचा हव्यास असतो हे खरं, पण पार्ट न मिळणं हेही तितकंच खरं.

आता पीयूसीचं. डिझेलची चाचणी म्हणजे गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबायचा आणि धूर मोजायचा. काही जण चाचणीआधी स्क्रू कमी करतात आणि सर्टिफिकेट खिशात पडलं की परत वाढवतात. अशा गाडीला कितीही कडक आकडा लावा, तो कागदावरच राहणार. रस्त्यावर अचानक थांबवून मोजलं तरच ही चोरी पकडली जाईल.

साक्री_१९

आजोबानी जीप शे ती भो, भंगारमा कसाले देऊ? आमच्याकडे पावसाळ्यात पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरून बाळंतीण आणायची तर हीच जीप चिखलातून निघते. नवी फोर बाय फोर घ्यायला दहा-बारा लाख कोणाकडे आहेत? मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. तीही भरू. पण पैसे भरूनही गाडी नको असेल तर सरकारने सरळ सांगावं, की गरिबाने चालत जावं.

तापीकाठची_शिक्षिका

दादा, गरिबाचं नाव घेतलंत म्हणून विचारते. त्या धुराच्या मागे सायकलवर कोण असतं? बाळंतिणीला आणणारी जीप मला नकोशी नाही. ती धूर न सोडता यावी एवढंच मागते. आणि बाळंतिणीसाठी जीप लागते तशी तिथे १०८ची गाडी पोहोचेल असा रस्ताही लागतो. एकाची उणीव दुसऱ्याच्या सवलतीने भरू नका.

अमळनेर_ते_कॅलिफोर्निया

मी मूळचा अमळनेरचा, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथली पद्धत सांगतो, कारण धागाकर्त्यांची मागणी वाटते तितकी जगावेगळी नाही.

इथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. १९७६पासूनच्या जुन्या गाड्यांना साधारण दोन वर्षांनी तपासणी, आणि ती फक्त नळी लावून होत नाही. बॉनेट उघडून मूळची प्रदूषण रोखणारी उपकरणं जागेवर आहेत का, तेही पाहतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल तर गाडी तिथेच नापास. बाजारातला बदली पार्ट लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक हवा.

इंजिन बदल चालतो. अट अशी: नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनासोबत आलेली सगळी प्रदूषण उपकरणंही बसवलेली हवीत. मग राज्याने नेमलेल्या खास तपासनिसाकडे गाडी न्यायची. त्याने पास केलं की गाडीवर स्टिकर लागतो आणि पुढच्या तपासण्या त्या इंजिनाच्या मापाने होतात. धागाकर्ते हेच मागत आहेत.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गेल्या ३० वर्षांत मोठा बदल केलेला नसेल तरच. बदल केला की सूट गेली. मला हे पटतं. सूट हवी तर मूळ रूप राखा, बदल हवा तर तपासणीला या. दोन्ही एकदम मागू नका.

धुळ्याचा_वकील

माहिती उत्तम दिलीत. पण तो खास तपासनीस आपल्याकडे आहे कुठे? गाड्यांची चाचणी करून मान्यता देणारी एआरएआय ही संस्था पुण्यात. एका सुट्या जीपची संपूर्ण चाचणी करायची तर खर्च जीपच्या किमतीवर जाईल. यंत्रणा नसताना परवानगी दिली तर काय होतं याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. गॅस किट कायदेशीर आहे, नियम व्यवस्थित आहेत. तरी गल्लीबोळात घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरला जातो, आणि २०२४मध्ये जळगावात असाच गॅस भरताना स्फोट होऊन माणसं गेली. त्या माणसांना कोणत्या नियमाने वाचवलं?

सातपुडा_जीप (धागाकर्ता)

वकीलसाहेब, जळगावची घटना मीही विसरलेलो नाही. पण त्यातून मी वेगळं समजतो. गॅस स्टेशन दूर, कायदेशीर वाट लांबची, म्हणून लोक चोरवाटेने गेले. इंजिनाचंही आज तेच चाललंय. बंदी असूनही बदल होतोच आहे. ब्रेक कोणी तपासत नाही, माउंटिंगचं वेल्डिंग कोणी पाहत नाही, कारण दाखवायला नेलं की गाडी जप्त होईल ही भीती. तुम्हाला ब्रेकची काळजी आहे ना? मग गाडी तपासनिसासमोर येईल अशी वाट हवी.

यंत्रणा म्हणाल तर नाशिकला यंत्रांवर गाडी तपासणारं केंद्र आहे. तिथे ब्रेक मोजले जातात. असं केंद्र धुळ्याला आणि जळगावला द्या. इंजिनांची यादी छोटी ठेवा: याच निर्मात्याचं, याच वर्गाच्या गाडीचं, नंतरच्या सालाचं. एमएम ५४०ला बोलेरोचं चालेल, ट्रकचं चालणार नाही. ठरावीक ताकदीपुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर सक्तीचे. यादीतल्या जोडीची चाचणी निर्मात्याने एकदाच करावी, म्हणजे शेतकऱ्याला पुण्याला जावं लागणार नाही.

ताई, तुमच्यासाठी एक गोष्ट मी माझ्या मागणीतून काढून टाकतो: प्रवासी वाहतूक. भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीला ही मुभा नको.

तापीकाठची_शिक्षिका

शाळेसमोरून जाणाऱ्या निम्म्या जीप कागदावर खाजगीच आहेत, दादा. अट कागदावर असेल तर माझा विरोध कायम. पारोळ्याच्या भाऊंनी सांगितली तशी रस्त्यावरची अचानक तपासणी आधी सुरू होऊ द्या, स्क्रू वाढवणाऱ्यांना दंड होताना दिसू द्या. मग तुमच्या अर्जावर मी स्वतः सही करीन.

पारोळा_गॅरेज

शहाद्याच्या त्या काकांचं पुढे काय? त्यांचं जुनं इंजिन अजून पडून असेल तर हाफ इंजिन (बोअर-पिस्टनचा खालचा भाग) भरून देता येईल. नोझल नवे, पंप कॅलिब्रेट. ओढ कमी मिळेल, पण धूर मर्यादेत येईल. सध्या मला हीच वाट दिसते.

सातपुडा_जीप (धागाकर्ता)

इंजिन गोठ्यात आहे, आरसीवरचा नंबरही शाबूत आहे. पण काकांना नवं इंजिन सोडायचं नाही. वकीलसाहेब, लढायचं ठरवलं तर सुरुवात कुठून?

धुळ्याचा_वकील

मी विरोधात आहे, तरी वाट सांगतो. तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. कलम ५२खाली रीतसर अर्ज द्या, इंजिनाचं बिल आणि पीयूसीचा आकडा जोडा, पोच घ्या. लेखी नकार मिळाला की कलम ५७खाली ३० दिवसांत अपील करता येतं. २०१९चा निकाल समोर असताना अपील टिकणं अवघड आहे, हे काकांना आधीच सांगा. आणि निकाल लागेपर्यंत जीप रस्त्यावर काढू नका.

सातपुडा_जीप (धागाकर्ता)

अर्ज सोमवारी देतो. पोच आणि उत्तर, दोन्हींचं काय होतं ते याच धाग्यात लिहीन.