विस्कॉन्सिनमध्ये रानटर्कीच्या शिकारीचा पहिला दिवस : अकरा वर्षांच्या मुलाला न्यावे का?

प्रश्न : कृष्णाकाठ

आम्ही गेली सहा वर्षे विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, व्हर्नन काउंटीत राहतो. आमच्या शेजारचे शेतकरी कुटुंब एप्रिलमधला टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस एखाद्या सणासारखा पाळते. आजोबा, दोन मुलगे, धाकटी सून आणि नातवंडे पहाटे चारला उठून आपल्याच रानात जाऊन बसतात आणि दहाच्या सुमारास सगळे मिळून आजींच्या स्वयंपाकघरात न्याहारी करतात. यंदा त्यांनी आम्हा तिघांनाही बोलावले आहे, आणि त्यांचा नातू आमच्या मुलाचा वर्गमित्र असल्यामुळे मुलाने हट्टच धरला आहे.

माझे माहेर साताऱ्याकडचे असून आमच्या घरी कोंबडी कापली जात असे, त्यामुळे मांसाहाराची अडचण नाही. मात्र आमच्या दोन्ही घरांत कोणी कधी बंदूक हातात धरलेली नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीला शिकार म्हटले की गुन्हाच आठवतो. त्या सकाळी नेमके काय घडते, मुलाला न्यावे की नाही, आणि एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माझ्या यजमानांनी शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर बंदूक हाताळली तर चालेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : रानवाटसरू

माझे सासर इथलेच आहे आणि सासऱ्यांबरोबर मी अकरा वर्षे जातो आहे, तेव्हा आधी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये वसंताचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि सात-सात दिवसांच्या सहा टप्प्यांत चालतो. म्हणजे पहिला दिवस शाळेचा असतो. त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळी शिकार असते आणि पुष्कळ कुटुंबांचा खरा पहिला दिवस तोच असतो; शेजाऱ्यांचे बोलावणे कोणत्या दिवसाचे आहे ते विचारून घ्या.

आता त्या सकाळीविषयी. टर्की रात्री उंच झाडावर झोपते. जाणकार माणसे आदल्या संध्याकाळीच कोणत्या झाडावरून आवाज येतो ते ऐकून ठेवतात आणि पहाटे अंधारात, टॉर्च शक्यतो न लावता, त्या झाडापासून शंभर-दीडशे मीटरवर जाऊन बसतात. बंदूक चालवण्याची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने सुरू होते. तुमच्याकडे त्या दिवसांत सूर्य सहा-वीसच्या आसपास उगवतो, म्हणजे पाच वाजता जागेवर असायला हवे. उजाडू लागले की कोणीतरी घुबडासारखा आवाज काढतो आणि नराला ते सहन होत नसल्यासारखा तो झाडावरून ओरडून उत्तर देतो. तो आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला, तेव्हा मी हातातला थर्मास खाली पाडला होता आणि सासरे पुढचे दोन तास माझ्याशी बोलले नव्हते.

त्यानंतरचा सगळा खेळ आवाजाचा आहे. लाकडी डबीवर झाकण घासून, पाटीच्या चकतीवर काडी फिरवून किंवा तोंडात पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढतात. गंमत अशी, की निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते; शिकारी मात्र मादी होऊन नरालाच आपल्याकडे बोलावत असतो. नराला हे उलटे वाटते आणि म्हणून तो पन्नास-साठ मीटरवर थांबून, पिसारा पसरून, 'तूच ये' म्हणत राहतो. तेवढ्यात खऱ्या माद्या आल्या तर तो त्यांच्यामागे निघून जातो, आणि बहुतेक सकाळी असेच होते. छर्‍यांच्या बंदुकीचा भरवसा साधारण चाळीस पावलांच्या आतच धरावा, त्यामुळे दुरून घाईने बार टाकणाऱ्याला इथे कोणी चांगला शिकारी म्हणत नाही.

पक्ष्याचे नाक मंद, पण डोळे आणि कान विलक्षण तीक्ष्ण असतात. अकरा वर्षांच्या मुलाची अडचण इथे येते, कारण नाक खाजवले तरी खेळ संपतो. शेजाऱ्यांकडे कापडी आडोसा असेल तर मुलाला त्यात बसवा, कारण आत थोडी हालचाल चालते. त्याला तांबडे, पांढरे किंवा निळे काहीही घालू नका, मोजेसुद्धा नको. नराच्या डोक्याचे तेच तीन रंग असतात आणि झुडपाआडून दिसणारा तांबडा ठिपका पाहून कोणी चूक करू नये. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद झाड असावे, कोणाचाही आवाज आला तरी त्याच्या दिशेने चालत जाऊ नये, आणि दुसरा शिकारी दिसलाच तर हात न हलवता मोठ्याने हाक मारावी. पहाटे थंडी कडाक्याची असते. गोचिडांपासून जपा, कारण त्यांच्यामुळे होणारा लाइम रोग विस्कॉन्सिनमध्ये बराच आढळतो. पायजमा मोज्यांत खोचावा आणि घरी आल्यावर मुलाचे केस, काखा आणि गुडघ्यांमागची जागा तपासावी.

माझे मत विचाराल तर मुलाला अवश्य न्या, मात्र पहिल्या वर्षी बंदुकीशिवाय. माझ्या मुलीने दोन वसंत नुसते बसून काढले आणि तिसऱ्या वर्षी तिने स्वतःहून, मला शिकायचे आहे, असे सांगितले.

उत्तर : परवानापत्र

व्हिसाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा गुन्हा आहे, आणि 'बाळगणे' या शब्दात दुसऱ्याची बंदूक क्षणभर हातात घेणेही येऊ शकते. राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना हातात असेल तर या नियमाला अपवाद आहे, म्हणून यजमानांनी परवाना नसताना, फोटोपुरतीसुद्धा, बंदूक धरू नये. ग्रीनकार्डधारकांना ही अट लागू नाही. तुम्ही एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर तुम्हालाही हेच लागू पडते.

पुढेमागे मुलाला शिकायचे झाले तर विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-प्रशिक्षण लागते. परवानाधारक प्रौढ मार्गदर्शक हाताच्या अंतरावर असेल तर त्याशिवायही जाता येते. टर्कीच्या परवानगीसाठी सोडतीचे अर्ज १० डिसेंबरपर्यंत भरावे लागतात आणि उरलेल्या परवानग्या मार्चमध्ये विकायला काढतात. एका परवानगीवर नर किंवा छातीला दाढी (लोंबणारा राठ झुपका) असलेला एकच पक्षी मारता येतो, आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते.

उत्तर : माळटिटवी

मी पुण्यात राहते आणि पक्षिनिरीक्षण करते, म्हणून स्पष्ट लिहिते. टर्की ही आपल्या मोराच्याच कुळातली आहे. पिसारा फुलवून नाचणाऱ्या नराला, तेही विणीच्या हंगामात, खोट्या आवाजाने बोलावून मारणे आणि त्याला कौटुंबिक सण म्हणणे माझ्या गळी उतरत नाही. मुलाला दुर्बीण घेऊन न्या.

उत्तर : रानवाटसरू

आपला आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण पहिल्या वर्षी मलाही नेमके मोराचेच आठवले होते. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी उबवण्यात किंवा पिले सांभाळण्यात त्याचा काहीही वाटा नसतो. वसंतात मादी सोडून नरच मारण्यामागे हाच हिशेब आहे. दुसरी गोष्ट व्हर्नन काउंटीशीच निगडित आहे. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे विस्कॉन्सिनमधली रानटर्की १८८१ च्या सुमारास पूर्णपणे संपली होती. १९७६ मध्ये मिझुरी राज्याकडून पक्षी आणून ते याच काउंटीत सोडले, आणि बदल्यात विस्कॉन्सिनने आपल्याकडचे रफ्ड ग्राउझ हे तितरासारखे पक्षी मिझुरीला दिले. पहिली वसंतातली शिकार १९८३ मध्ये झाली. वन्यजीव खात्यांना मिळणाऱ्या निधीचा मोठा भाग परवान्यांच्या शुल्कातून आणि बंदुका-काडतुसांवरील करातून येतो. तो कर यासाठी राखून ठेवणारा कायदा १९३७ चा आहे. यावरून शिकार आवडावी असे मी म्हणत नाही, परंतु कृष्णाकाठ यांच्या शेजारच्या आजोबांनी आपल्या तरुणपणी त्या रानात एकही टर्की पाहिली नसेल, हेही खरे आहे.

कृष्णाकाठ यांचा पुढील संदेश

सर्वांचे आभार. आम्ही मुलांच्या शनिवारी गेलो. यजमानांनी हात खिशातच ठेवले आणि मुलाची दुर्बीण सोबत होती, म्हणजे माळटिटवी यांचेही ऐकले.

आजोबा, त्यांचा नातू, आमचा मुलगा आणि मी असे चौघे एका कापडी आडोशात बसलो. पावणेसहाला ओढ्यापलीकडून आवाज आला आणि मुलाने माझे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला. नर झाडावरून उतरला, पाऊणेक तास ओरडत राहिला, एकदा कुंपणापाशी येऊन पिसारा पसरून उभा राहिला. उन्हात त्याची पिसे तांब्याच्या घंगाळासारखी चमकत होती. नातवाने बंदूक खांद्याला लावली, आजोबांनी हलकेच मान हलवून नको म्हटले, कारण अंतर जास्त होते. मग तीन माद्या आल्या आणि तो त्यांच्यामागे गेला. नातू रडवेला झाला होता, तर आमचा मुलगा मनातून सुटल्यासारखा दिसत होता. मीही तशीच होते, हे कबूल करते.

धाकट्या सुनेच्या मुलीला मात्र दुसऱ्या टेकडीवर साडेनऊला नर मिळाला. मुलाने तो जवळून पाहिला, पायावरचा काटा बोटाने चाचपला, आणि पिसे उपटायलाही बसला. ते लोक छातीचे मांस ठेवून घेतात. दोन्ही तंगड्या आम्हाला दिल्या, कारण त्या चिवट असतात आणि त्यांचे काय करावे हे त्यांना सुचत नाही. सध्या त्या फ्रीजमध्ये आहेत. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा करायचा विचार आहे, पण कुकरला किती वेळ लागेल?

उत्तर : रानवाटसरू

आधी मीठ-हळद लावून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास ठेवा, वाफ जिरल्यावर उघडून पाहा आणि हाडापासून मांस सुटत नसेल तर आणखी पंधरा मिनिटे द्या. तंगडीतल्या शिरा काड्यांसारख्या कडक असतात. त्या शिजत नाहीत, म्हणून मांस सोडवताना एकेक ओढून काढा आणि मगच वाटणात घाला. पाणी फेकू नका, रस्सा त्याच पाण्यात करा.