रांगणा एका दिवसात: पाटगावची वाट की नारूरची?

रविवारी आईला घेऊन कोल्हापुरातून रांगणा किल्ल्यावर जायचंय. वय 58. रांगणाई देवीची ओटी भरायची तिची लई दिवसांची इच्छा आहे. पाटगावकडून जावं की कोकणातल्या नारूरकडून?

— भावा, पाटगावच धर. नारूरकडून अख्खा घाट चढायचा, आईंचे गुडघे बोलतील. गारगोटी, कडगाव, पाटगाव, पुढं भटवाडी, चिक्केवाडी. पहाटे 5 लाच निघा. माझ्या आईला मी गेल्या साली याच वाटेनं नेलं. दाट झाडीत ती दर दहा पावलांनी थांबायची. मी घाई केली नाही, तेच बरं झालं. देवळात पोचल्यावर घामानं भिजलेला खण तिनं आधी पदरानं पुसला आणि मगच ओटीत ठेवला. मला तेवढंच आठवतंय, किल्ला नंतर बघितला.

— पाऊस पडून गेला असेल तर जळवा असतात, मीठ आणि तंबाखू ठेवा. गव्यांचा भाग आहे, अंधाराच्या आत परत फिरा.

— पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिण मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते. आईंना तिथं नक्की थांबवा.

— ठरलं, पाटगाव. खण-नारळ आजच आणतो.