ती गोळी धार कमी करण्यासाठी नसते

कोणीतरी म्हटलंय की दारूच्या बाटलीच्या तोंडातली गोटीसारखी गोळी माणसाने बेताने प्यावं म्हणून बसवतात. तसं नाही. तो बंदोबस्त आहे रिकाम्या महागड्या बाटलीत हलकी दारू भरून विकणाऱ्यांविरुद्ध.

बाटली उभी असताना गोळी आपल्या वजनाने खालच्या झडपेवर बसते आणि वाट बंद होते. वरून काही ओतायला गेलं तर झडप आणखी घट्ट दाबली जाते. बाटली कलंडली की गोळी पुढे घरंगळते, झडप सुटते, दारू बाहेर येते. तार घालून झडप उचलता येऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा आडोसाही असतो. इतक्याशा जागेत हे सगळं बसवणं मला खरोखर कौतुकाचं वाटतं.

आता अशा बाटलीतून गचके खात येणारी धार. जेवढी दारू बाहेर, तेवढी हवा आत जायला हवी. दोघींना एकाच अरुंद वाटेने जावं लागलं की आळीपाळीने जातात, म्हणून बुडबुड आवाज आणि टेबलावर शिंतोडे. बारमधल्या धातूच्या पोअररला, म्हणजे बाटलीच्या तोंडात बसवायच्या ओतायच्या तोटीला, हवेसाठी वेगळी बारीक नळी असते, त्यामुळे धार एकसारखी पडते आणि बारटेंडर मनातल्या मनात आकडे मोजून माप साधू शकतो.

हे गोळीचं बूच सुरीने उचकटायचा सल्ला मात्र कृपया कोणी देऊ नका. काचेचा टवका उडून बाटलीत पडू शकतो.